विहिरीतल्या बाईकडे कोण पाहते आहे?

तुम्ही विचारलेले थोडक्यात असे आहे. काटोलकडच्या एका संत्र्याच्या बगीच्यात जुनी विहीर आहे, तिच्यात एका सुनेने जीव दिला आणि रात्री मोटर सुरू करायला जाणाऱ्या माणसांना ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी दिसते, अशी वदंता आहे. त्यावर तुम्ही वीस मिनिटांच्या लघुपटाची पटकथा लिहिली. ती वाचून तुमच्या वर्गमैत्रिणीने ‘पुन्हा एक पांढऱ्या साडीतली बाई’ एवढेच म्हटले आणि कागद परत दिले. भयपटात स्त्री एक तर किंचाळत मरते किंवा केस मोकळे सोडून दुसऱ्याला मारते, तेव्हा हा प्रकारच मुळात स्त्रीविरोधी आहे का, आणि असेल तर ही गोष्ट सोडून द्यावी का, असे तुम्ही विचारता.

सोडून देऊ नका. मी संकलक आहे. बरीच वर्षे मुंबईत मालिका आणि चित्रपटांच्या संकलनात घालवल्यावर आता नागपुरात राहून लघुपट आणि वेब मालिकांचे काम करते. त्यात भयकथांचा वाटा मोठा असतो, कारण कमी पैशांत उरकणारा हा प्रकार आहे असा नवोदितांचा (पुष्कळदा चुकीचा) समज असतो. त्यामुळे माझे उत्तर समीक्षकाचे नसून संकलनाच्या टेबलाशी बसून रशेस, म्हणजे चित्रीकरणातले न जोडलेले कच्चे तुकडे, पाहणाऱ्या बाईचे आहे, हे आधीच सांगते. तुमच्या मैत्रिणीचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण ‘बाईचे भूत दाखवू नये’ असा जो अर्थ तुम्ही त्यातून काढला, तो मला पटत नाही. पडद्यावर बाई मरते की मारते यावरून फारसे काही ठरत नाही. त्या प्रसंगात पाहणारे डोळे कोणाचे आहेत, आणि तिला स्वतःला काही पाहण्याची व पाहिलेले समजून घेण्याची मुभा आहे की नाही, यावरून ते ठरते. पटकथेत हे अर्धवट लिहिलेले असते, चित्रीकरणात थोडे ठरते आणि पक्के होते ते संकलनात.

हे कसे घडते ते सांगते, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल. एखाद्या माणसाचा चेहरा दाखवला, त्याला लागून दुसरे काही दाखवले आणि पुन्हा त्याचा चेहरा दाखवला, तर मधल्या तुकड्यात जे आहे ते त्याला दिसत आहे असे प्रेक्षक न सांगता समजतो. पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्यातल्या माणसाला मन मिळते. त्याला भीती वाटते, मोह पडतो, दया येते, आणि प्रेक्षक त्याच्या बाजूला जाऊन बसतो. मधल्या तुकड्यात जे असते ते फक्त दिसते. जी व्यक्ती संपूर्ण चित्रपटभर मधल्या तुकड्यातच राहते तिला कितीही संवाद द्या, कितीही शक्ती द्या, ती पाहण्याची वस्तूच राहते. लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासिकेने १९७५ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात रूढ चित्रपटातील पुरुष हा पाहणारा आणि स्त्री ही पाहिली जाणारी, अशी जी मांडणी केली, तिचे टेबलावरचे रूप हेच आहे.

भयपटाने ही रचना जन्माला घातली नाही. उलट, ती लपवणे भयपटाला सर्वांत अवघड जाते, कारण चोरून पाहणे आणि पाहिले जाण्याची भीती हाच त्याचा कच्चा माल आहे. हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’मधील स्नानगृहाचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याच्या थोडे आधी मोटेल चालवणारा नॉर्मन भिंतीतल्या भोकाला डोळा लावून तिथे उतरलेल्या मॅरिअनला कपडे उतरवताना पाहतो, हे लक्षात ठेवणारे कमी. तिथे आपण त्याच्या डोळ्याने पाहतो. नंतरच्या पाऊण मिनिटाच्या हत्येत पन्नासच्या आसपास कट आहेत. चाकू शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही आणि तरी प्रेक्षकाला तो शिरल्यासारखा वाटतो. मग पाणी मोरीत फिरत जाते आणि त्या गोल भोकातून मॅरिअनचा उघडा, मेलेला डोळा पडद्यावर येतो. पाहणाऱ्याचा डोळा आधी, जिला पाहिले तिचा डोळा नंतर, आणि तोही आता काही पाहू न शकणारा. या क्रमात हिचकॉकने प्रेक्षकाला सहज सुटू दिलेले नाही, असे माझे मत आहे. पण त्याचे अनुकरण करणाऱ्या बहुतेकांनी फक्त नळ, पडदा आणि चाकू उचलला. एक गोष्ट जाता जाता सांगते. मृत मॅरिअन किंचित श्वास घेताना दिसते, हे शेवटच्या प्रती निघण्यापूर्वी हिचकॉकची पत्नी अल्मा रेव्हिल हिने पकडले, असे सांगितले जाते. ती स्वतः संकलनातून आलेली होती, त्यामुळे मला त्यात काहीच नवल वाटत नाही.

त्याच वर्षीचा ब्रिटिश चित्रपट ‘पीपिंग टॉम’ आणखी पुढे जातो. त्यातला खुनी बायकांना मारताना त्यांचे चित्रण करतो, आणि मरणाऱ्या बाईला स्वतःचा घाबरलेला चेहरा दिसावा म्हणून कॅमेऱ्याला आरसा लावतो. मायकेल पॉवेल हा त्याचा दिग्दर्शक तोवर ब्रिटनमधल्या नामवंतांपैकी होता. या चित्रपटाने त्याच्या कारकिर्दीला जबर फटका बसला. लोकांना राग हिंसेचा कमी आणि ‘तुम्हीही हेच पाहायला आला आहात’ असे तोंडावर सांगितल्याचा जास्त आला असावा.

मग १९७८ चा ‘हॅलोविन’ घ्या. त्यावर ‘वाह्यात मुली मरतात आणि सुशील मुलगी वाचते’ असा आरोप कायम होतो आणि तो अगदीच निराधार नाही. मात्र संकलकाच्या नजरेने पाहिले तर शेवटी वाचणाऱ्या लॉरीच्या बाबतीत वेगळेच काही दिसते. चित्रपट खुन्याच्या डोळ्यांनी सुरू होतो: लांब, सलग चालणारा शॉट, मुखवट्याच्या भोकांतून दिसणारी बहीण, आणि मग मुखवटा काढल्यावर समोर सहा वर्षांचा मुलगा. (त्या शॉटमध्ये चाकू धरणारे लहान हात सहलेखिका आणि निर्माती डेब्रा हिल हिचे होते. केवळ बाईचा हात लागल्याने नजर बदलत नाही, हे मी या उदाहरणावरून विद्यार्थ्यांना सांगते.) पुढे मात्र वर्गाच्या खिडकीतून, कुंपणाच्या कडेला, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये त्याला पाहते ती लॉरी. तिच्या मैत्रिणींना तो दिसत नाही. हळूहळू चेहरा, वस्तू, चेहरा या रचनेतील दोन्ही चेहरे तिचे होत जातात आणि खुनी मधल्या तुकड्यात जाऊन पडतो. कॅरल क्लोव्हर या अमेरिकी अभ्यासिकेने १९८७ मध्ये अशा शेवटी उरणाऱ्या मुलीला ‘फायनल गर्ल’ म्हटले आणि या चित्रपटांना गर्दी करणारी तरुण मुले शेवटी तिच्याच बाजूने पाहू लागतात, हे दाखवून दिले. तिने लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ही मुलगी बरीचशी मुलग्यासारखी रचलेली असते आणि पुरुष प्रेक्षकाला आपली भीती उसनी ठेवायला ती सोयीची पडते, असे तिचे म्हणणे होते.

लिंडा विल्यम्स या अमेरिकी अभ्यासिकेचे एक निरीक्षण तुमच्या विहिरीला थेट लागू पडते. भयपटात बाई जेव्हा धीर करून राक्षसाकडे पाहते, तेव्हा त्या पाहण्याचीच तिला शिक्षा होते. आणि त्या क्षणी ती व राक्षस यांच्यात एक विचित्र साम्यही उघड होते, कारण दोघेही पुरुषाच्या नजरेला ‘वेगळे’ दिसणारे देह असतात. बार्बरा क्रीड या ऑस्ट्रेलियन अभ्यासिकेने १९९३ च्या पुस्तकात याच्या दुसऱ्या टोकाचा विचार केला: बाई बळी नसून स्वतःच राक्षस असते तेव्हा तिचे भय बहुधा गर्भाशी, मातृत्वाशी, रक्ताशी जोडलेले असते. आपल्याकडे हे वाचायला क्रीडची गरज नव्हती. बाळंतपणात किंवा पोटुशी असताना गेलेल्या बाईची हडळ होते, अळवंत होते, हे आपल्या आज्यांना माहीत होते. जिचे काही देणे राहिले, जिला न्हाऊमाखू घातले गेले नाही, जिचे मरण कोणाला तरी सोयीचे होते, तीच परत येते. लोककथेतल्या भुतणीची भीती वाटते ती या राहिलेल्या देण्यापोटी. चित्रपटाने पुष्कळदा ते देणे गाळून फक्त केस आणि उलटे पाय ठेवले.

आपल्या चित्रपटांकडे वळते. कमाल अमरोही यांचा ‘महल’ १९४९ चा. त्याचे संकलन बिमल रॉय यांनी केले होते. मधुबाला त्यात जवळजवळ सगळा वेळ मधल्या तुकड्यात आहे: झोपाळ्यावर, नावेत, जिन्यावर, नेहमी थोडी दूर, आणि तिच्या आधी तिचा आवाज येतो. शेवटी ती भूत नसून माळ्याची मुलगी निघते. इतका वेळ जिच्यामागे आपण फिरलो तिला स्वतःला काय हवे होते हे आपल्याला एकदम, शेवटी, तिच्या तोंडून ऐकावे लागते. ‘वो कौन थी’ (१९६४) हीच रचना आणखी घट्ट करतो. पावसात पांढऱ्या साडीत उभी असलेली साधना नायकाच्या गाडीच्या काचेतून दिसते, आणि तिच्या मनात काय चालले आहे ते आपल्यापासून मुद्दाम लपवले जाते, कारण ते कळले तर रहस्यच उरत नाही. मला तो चित्रपट आवडतो, गाण्यांसाठी तर फारच. पण तुमच्या पटकथेतली पांढरी साडी तिथून आली आहे, तुमच्या गावातून नव्हे, एवढे लक्षात घ्या.

‘मधुमती’ (१९५८) याला उतारा म्हणून पाहा. खुनी जमीनदाराकडून कबुली काढण्यासाठी नायक मधुमतीसारख्या दिसणाऱ्या माधवीला भूत म्हणून उभे करायचे ठरवतो. भूत येते, एकामागून एक प्रश्न विचारते, कबुली मिळते. खरी माधवी मात्र त्यानंतर धावत पोहोचते. म्हणजे प्रश्न विचारून गेली ती मेलेली मधुमतीच. संकलन हृषीकेश मुखर्जींचे आहे, आणि त्या प्रसंगात पाहण्याची दिशा उलटलेली तुम्हाला स्पष्ट दिसेल: ती पाहते, घाम जमीनदाराला फुटतो.

स्वस्तातले हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंबद्दल फार लिहीत नाही. नागपुरातल्या एकपडदा चित्रगृहांत रात्रीच्या खेळाला त्यांचे चित्रपट ज्या टोळक्याने पाहिले जायचे, त्या टोळक्याला काय हवे होते ते स्नानाच्या आणि झोपायच्या खोलीच्या प्रसंगांवरून कळते. तरी ‘पुराना मंदिर’ची (१९८४) कल्पना विचार करण्यासारखी आहे: राजघराण्यातल्या बाईचा बाळंतपणातच मृत्यू होईल असा शाप, आणि म्हणून मुलीच्या प्रेमाला बापाचा विरोध. सगळ्या घराण्याचे पाप मुलीच्या पोटात नेऊन ठेवले आहे. चित्रपट प्रमाणन मंडळासाठीच्या (म्हणजे सेन्सॉर बोर्डासाठीच्या) १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्त्रियांना कमी लेखणारी दृश्ये नसावीत आणि लैंगिक अत्याचाराची दृश्ये टाळावीत, टाळता न आल्यास कमीत कमी ठेवावीत, असे स्पष्ट म्हटले आहे; पण कात्री शरीर किती दिसले ते मोजते, कोणाच्या डोळ्यांनी दिसले ते मोजत नाही. ते मोजण्याची अपेक्षाही मंडळाकडून करू नये. ते आपले काम आहे.

आता ‘अंगात येणे’, कारण तुमच्या पटकथेच्या शेवटच्या पाच मिनिटांत मांत्रिक आहे. ज्या सुनेला घरात मोठ्याने बोलायची सोय नाही ती अंगात आल्यावर सासूला एकेरीत बोलू शकते, हे आपल्याकडे कोणी पुस्तकातून शिकलेले नाही. म्हणून झपाटलेल्या बाईच्या दृश्यात मी सर्वांत आधी आवाज ऐकते. ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये (१९७३) लहान रेगनच्या तोंडून येणारा सैतानाचा घोगरा आवाज मर्सिडीज मॅककेंब्रिज या अभिनेत्रीचा होता, आणि सुरुवातीच्या प्रतींवर तिला श्रेय नव्हते, ते तिला झगडून मिळवावे लागले. बाईच्या घशातून निघालेला सर्वांत भयंकर आवाज, आणि तो कोणा बाईचा आहे हे लपवलेले! आपल्याकडे झपाटलेल्या नायिकेला सर्रास पुरुषाचा आवाज डब करतात आणि त्यामुळे ती जे म्हणत असते ते तिचे राहतच नाही.

याच्या उलट ‘मणिचित्रतळु’ (१९९३) या फाझिल यांच्या मल्याळम चित्रपटातील आणि त्यावरून निघालेल्या ‘भूलभुलैया’तील (२००७) नृत्याचा प्रसंग पाहा. एका बाजूला दागिन्यांनी मढलेली राजनर्तिका आणि भरलेला दरबार, दुसऱ्या बाजूला ओसाड वाड्यात विस्कटलेल्या केसांनी एकटी नाचणारी बाई, अशी अदलाबदल संकलनात चालू राहते. पहिले तिला दिसते, दुसरे बाकीच्यांना. ती वेडी ठरवली गेली आहे, पण तिचे डोळे आपल्याला मिळाले आहेत. त्या भूमिकेसाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यात या अदलाबदलीचा वाटा नक्की आहे. मांत्रिकाच्या बाबतीत एक व्यावहारिक सूचना: महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या निमित्ताने माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे, केस उपटणे अशा कृत्यांची आहे. तुमच्या पटकथेत यातली तीन कृत्ये मांत्रिक करतो आणि त्यांनी बाई शांत होते. गुन्हा दाखवायला हरकत नाही. तो उपाय म्हणून लागू पडतो असे दाखवणे मला मान्य नाही, आणि आपल्या भागात ज्यांनी हे प्रकार जवळून पाहिले आहेत त्यांनाही ते होणार नाही.

अलीकडच्या कामांपैकी मराठी ‘लपाछपी’ (२०१७) तुम्ही पाहिला नसेल तर आधी पाहा. उसाच्या शेतातले एकाकी घर, गरोदर नेहा, आपुलकीने वागणारी तुळसाबाई, आणि ‘मुलगाच हवा’ या हट्टाचा मागचा इतिहास. त्यातली भीती बरीचशी दिवसाढवळ्या आहे आणि त्या उसातून वाट आपण नेहाबरोबर शोधतो. त्याचे दिग्दर्शक विशाल फुरिया यांनीच पुढे त्याचा ‘छोरी’ (२०२१) हा हिंदी अवतार केला. ‘स्त्री’ने (२०१८) रात्री घराबाहेर न पडण्याची ताकीद पुरुषांना दिली आणि नुसत्या त्या उलटापालटीवर प्रेक्षागृह हसत राहिले. ‘बुलबुल’ने (२०२०) उलट्या पायांना कारण दिले: नवऱ्याने मोडलेले पाय. ती कल्पना मला फार आवडली. अत्याचाराचा प्रसंग मात्र आवश्यकतेपेक्षा लांबला, असे माझे मत आहे. दिग्दर्शिका अन्विता दत्त यांचा हेतू चांगला होता याबद्दल शंका नाही. तरी वेदना दाखवताना कुठे थांबायचे हा प्रश्न हेतूने सुटत नाही, सेकंदांनी सुटतो.

तर येथवर सांगितलेले एवढेच: बाईचे भूत असणे हा दोष नाही, तिने मरणे हाही नाही; ती मधल्या तुकड्यात अडकून राहणे हा दोष आहे, आणि तो शोधता येतो, दुरुस्तही करता येतो. आता तुमची पटकथा.

पहिले म्हणजे, तुमच्या पटकथेत रात्री मोटर सुरू करायला जाणारा दिनकर आहे, बंडू आहे, पोलीस पाटलालासुद्धा नाव आहे. तिचा उल्लेख आधी ‘सून’ आणि मग ‘आकृती’ असा होतो. तिला नाव द्या, आणि ते तिच्या माहेरच्या कोणाच्या तरी तोंडून एकदा येऊ द्या.

दुसरे, साडी. कृष्णधवल काळात पांढरी साडी अंधारात उठून दिसायची, ही तिची मोठी सोय होती. तुमच्या कॅमेऱ्याला ती गरज नाही. शिवाय तुमची सून सवाष्ण मेली आहे. आपल्याकडे सवाष्णीला हिरवी साडी नेसवून, मळवट भरून, ओटी भरून निरोप देतात. पांढऱ्यात ती गावातल्या कोणाला दिसेलच कशी? बगीच्यात तोडणीला जाणाऱ्या बाया काटे लागू नयेत म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, ते तुम्ही रोज पाहिले असेल. धुऱ्यावर बॅटरीच्या उजेडात साडीवर पुरुषाचा शर्ट घातलेली बाई उभी आहे, आणि तो शर्ट आपल्याच घरातला आहे असे दिनकरच्या लक्षात येते, यात जेवढे भय आहे तेवढे दहा मीटर पांढऱ्या कापडात नाही. तुम्ही लिहिले आहे की साडी ओली असून अंगाला चिकटली आहे आणि कॅमेरा पायांकडून वर जातो. विहिरीतून आलेली बाई ओली असणारच. पण पायांकडून वर सरकणारा कॅमेरा भीतीचा नाही, वेगळ्याच सवयीचा आहे. प्रेक्षागृहातली मुले त्या शॉटला घाबरत नाहीत, एकमेकांना कोपरखळ्या मारतात. मी चाचणीसाठी ठेवलेल्या खेळांना पडद्याकडे कमी आणि रांगांकडे जास्त पाहते, म्हणून हे खात्रीने सांगू शकते.

तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, पाहण्याची दिशा. तुमच्या पटकथेत ती चार वेळा दिसते आणि चारही वेळा दिनकरचा चेहरा, ती, दिनकरचा चेहरा अशी रचना आहे. पहिल्या वेळी ती तशीच ठेवा; भयपटाला तेवढा हक्क आहे. दुसऱ्या वेळी कॅमेरा तिच्या बाजूला न्या. रात्री दोनला लाइन (वीज) आली म्हणून ओलितासाठी उठलेला, डोळ्यांवर झोप असलेला माणूस विहिरीच्या बाजूने कसा दिसतो? त्याच्या मागे घराचा दिवा दिसतो का? त्या घरात तिचे मूल आहे का? ती कोणाकडे पाहत होती हे प्रेक्षकाला कळले की ‘ती दिसते’ या वदंतेचा अर्थच फिरतो. तिसऱ्या वेळी दिनकरला ती दिसू नये, पण आपल्याला तिच्या डोळ्यांनी दिनकर दिसावा. चौथी वेळ काढून टाका.

चौथे, मारहाणीचा भूतकाळ. तुम्ही त्याला दोन मिनिटे दिली आहेत. माझ्याकडे आले तर मी तिथे वीस सेकंद ठेवीन, आणि त्या वीस सेकंदांत मारणारा हात नसेल. पलीकडे संत्री निवडत बसलेल्या बाया असतील, सासूचे न थांबलेले हात असतील, चालू मोटरीचा घों घों आवाज असेल आणि त्याखाली न कळणारे काहीतरी. कोणी कोणी ऐकले आणि कोण उठले नाही, हे दाखवल्याशिवाय सगळ्या गावाला तिची भीती का वाटते ते समजणार नाही. दिनकर तेव्हा कुठे होता, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. मला वाटते तुमची गोष्ट तिथे आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. ती सून खरोखर होऊन गेली असेल आणि तिचे माहेर-सासर आजही नांदत असेल, तर नाव बदलून भागत नाही. गाव, पीक, विहिरीची जागा, मरणाचा प्रकार यांपैकी बरेच बदलावे लागेल, नाहीतर तुम्ही एका जिवंत मुलीच्या आईचे भूत कराल. लघुपट फक्त महाविद्यालयात दाखवणार असाल तर सूचकपणा चालतो; गावात दाखवणार असाल तर मांत्रिकाबद्दलची भूमिका अधिक स्पष्ट ठेवावी लागेल. आणि तुमची अभिनेत्री कोण आहे त्यावरही बरेच काही ठरेल. ओल्या कपड्यांत, थंडीत, रात्री, विहिरीजवळ उभे राहायचे आहे हे तिला आधी लेखी सांगा, कठड्यापाशी दोरी आणि पोहता येणारा माणूस ठेवा, आणि कोणते शॉट अंतिम कामात जाणार ते तिला रफ कटमध्ये, म्हणजे पहिल्या कच्च्या जोडणीत, पाहू द्या. हे सौजन्य म्हणून सांगत नाही. आपल्याला कसे दाखवले जाणार आहे हे जिला माहीत आहे ती अभिनेत्री कॅमेऱ्यासमोर वेगळी उभी राहते, हे रशेसमध्ये लगेच दिसते.

किंचाळी चित्रीकरणात घेऊ नका. डबिंगला घ्या, आणि एक किंचाळी घेतलीत तर दहा वेळा नुसता श्वास घ्या. बहुतेक दृश्यांत मला शेवटी श्वासच लागतो.

चित्रीकरणाच्या यादीत एवढे वाढवा: तिच्या चेहऱ्याचे, काहीही न करता नुसते पाहण्याचे तीन लांब क्लोजअप, वेगवेगळ्या दिशांना, विहिरीच्या बाजूने दिनकरचा एक लांबचा शॉट, निवडणाऱ्या बायांच्या हातांचे आणि चेहऱ्यांचे स्वतंत्र शॉट, सासूचा एक, ज्यात ती मान वर करते. हे नसेल तर मधला तुकडा मोडायला टेबलावर माझ्यासारखीकडे काहीच उरत नाही. आणि रात्रीचे चित्रण ठरवण्याआधी त्या भागातल्या फीडरला (शेतांना वीज देणाऱ्या वाहिनीला) लाइन कधी असते ते विचारून घ्या. आसपासच्या चार-पाच मोटरी एकदम सुरू झाल्या तर जागेवर घेतलेला एकही संवाद कामाचा राहणार नाही; त्या आवाजाचे मात्र पाच मिनिटे वेगळे ध्वनिमुद्रण करून ठेवा, मारहाणीच्या प्रसंगाखाली तोच लागेल.